दोष डोळ्यांचा, फोनचा की वेबसाइटच्या रंगांचा? आधी हे वेगळं करा

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. अंजर्ल्याला समुद्राकडे तोंड करून तुमचं घर आहे, तिथेच पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दुपारभर पडवीत बसून फोनवर बातम्या आणि लेख वाचतात. गेले काही महिने ते म्हणतात, "अक्षरं आहेत एवढं कळतं, पण वाचता येत नाहीत." तीन महिन्यांपूर्वी चष्म्याचा नंबर बदलला, तुम्ही फोनवरची अक्षरं मोठी करून दिलीत, तरी फरक नाही. त्यात तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर दर लिहिलेले असूनही पाहुणे फोन करून पुन्हा दरच विचारतात. तिथे दर केशरी रंगात आहेत आणि खालचे नियम बारीक करड्या अक्षरांत. तुम्ही विचारलंत, कुठली सेटिंग बदलू?

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत. मला ते एकच वाटतात. वडिलांचा त्रास आणि पाहुण्यांचे फोन, दोन्हींच्या मुळाशी अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांतला उजेडाचा फरक आहे. अक्षर मोठं केल्याने हा फरक वाढत नाही. फिकट अक्षर मोठं केलं तर मोठं फिकट अक्षर मिळतं.

रत्नागिरीत गेली सतरा वर्षं मी वेबसाइट बनवण्याचं आणि कॉम्प्युटर-फोन जुळवून देण्याचं काम करते. पण हा विषय मी कॉम्प्युटरवर शिकले नाही. आमच्या वडिलांचा बोर्ड रंगवायचा धंदा होता आणि पावसाळ्याच्या तोंडाला होड्या वर काढल्या की मिरकरवाड्याला नावं रंगवायची कामं यायची. शाळेला सुट्टी असली की डबे धरायला मी सोबत जायची. मालक म्हणायचे, "हिरव्यावर लाल काढा, उठून दिसेल." वडील वाद घालत नसत. फळीच्या तुकड्यावर हिरवा लावून त्यावर लाल अक्षर काढायचे, दहा पावलं मागे जायचे, डोळे अगदी किलकिले करायचे आणि मालकालाही करायला लावायचे. डोळे बारीक केले की रंग मागे पडतो आणि फक्त उजळ-गडद उरतं. लाल आणि हिरवं एकमेकांत मिसळून जायचं, अक्षर दिसेनासं व्हायचं. मग त्याच लालला पांढरी किनार काढली की नाव लांबून वाचता यायचं. आजही नवीन वेबसाइटचं पान समोर आलं की मी आधी डोळे किलकिले करून बघते. तुम्हीही तुमचं दरांचं पान उघडून एकदा करून पाहा.

या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो मोजता येतो. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तर गुणोत्तर २१, म्हणजे सगळ्यात जास्त. पांढऱ्यावर पांढरं असेल तर १. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नियम केले आहेत. त्यांच्या २००८ च्या आवृत्तीपासून साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मथळ्यांना किमान ३ असा आकडा धरलाय. ४.५ का, तर वयानुसार नजर थोडी मंदावलेल्या माणसालाही वाचता यावं म्हणून. साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर त्यांनी हिशेबात घेतली आहे. त्याहून कडक पातळीला ७ लागतात.

आता तुमचे रंग. नेहमीच्या केशरी रंगाचं पांढऱ्यावरचं गुणोत्तर २ च्याही आत येतं. वेबसाइटवर सर्रास दिसणारा करडा, ज्याचा रंगाचा कोड सहा वेळा ९ (#999999) असा असतो, तो २.८५. म्हणजे तुमचे दर आणि नियम, दोन्ही नापास. केशरी डोळ्यांना एवढा भडक वाटतो, मग असं का? पडद्यावरचा पांढरा तांबडा, हिरवा आणि निळा मिळून होतो, पण उजेडात त्यांचा वाटा सारखा नसतो. हिरव्याचा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१, निळ्याचा जेमतेम ७. तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो, म्हणून पिवळा उजेडाच्या दृष्टीने जवळजवळ पांढराच; पांढऱ्यावर त्याचं गुणोत्तर १.०७. आपल्या महामार्गावरच्या मैलाच्या दगडाचा पिवळा माथा आठवा. तिथे पिवळा रंग मागे असतो आणि अक्षर काळं. केशरीसुद्धा मागे लावायचा रंग आहे. तोच केशरी पट्टा ठेवून त्यावर काळी अक्षरं टाका, गुणोत्तर १० च्या वर जातं.

हे झालं पुस्तकातलं. पण तुमचे वडील वाचतात पडवीत, आणि आपल्याकडचा खरा घोटाळा तिथे आहे. फोनची काच समोरचा उजेड थोडा परत फेकते. तो उजेड पांढऱ्या भागावरही पडतो आणि अक्षरांवरही. समजा पडद्याचा पांढरा भाग १०० उजेड देतोय आणि करडं अक्षर ३२. घरात हा फरक तीनपट आहे, कसंबसं वाचता येतं. पडवीत समुद्रावरून आलेल्या उजेडाचे ५० दोघांतही मिसळले, तर झाले १५० आणि ८२. फरक दुपटीच्याही खाली आला. अक्षर पूर्ण काळं असतं तर १५० आणि ५०, म्हणजे तरीही तिप्पट उरलं असतं. बाहेरचा उजेड सगळ्याच अक्षरांतून काहीतरी काढून घेतो. ज्याच्याकडे मुळातच थोडं होतं ते संपतं.

मला हे पटलं ते पावसजवळच्या एका आंबा बागायतदाराच्या शेडमध्ये. त्यांची वेबसाइट मीच केली होती, दुकानाच्या अर्ध्या अंधारात, मोठ्या मॉनिटरवर. पेटीचे दर छान मऊ करड्या रंगात दिले होते, दिसायला फार नीटस वाटायचे. एप्रिलमध्ये ते म्हणाले, "गिऱ्हाईक दर विचारतात, वेबसाइटवर नाहीत म्हणतात." मी दुपारी बाराला त्यांच्या शेडच्या दारात, गवताच्या पेट्या भरणाऱ्या बायकांशेजारी उभी राहून फोनवर ते पान उघडलं. चार डझन, पाच डझन हे मथळे दिसत होते, खाली किमतीच्या जागी पांढरी पट्टी. दर तिथेच होते, मला माहीत होतं कुठे आहेत, तरी वाचता आले नाहीत. चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून ४.५ हा मी घरातल्या वाचनाचा आकडा मानते. किनाऱ्यावरच्या, बागेतल्या, बंदरावरच्या माणसासाठी काम असेल तर ७ च्या खाली जात नाही.

आता वडिलांचं. काहीही बदलण्याआधी दहा मिनिटं घालवून दोष कुठे आहे ते वेगळं करा. त्यांना न वाचता येणारं पान उघडा आणि तोच फोन घेऊन माजघरात जा, जिथे खिडकीचा उजेड पडद्यावर पडत नाही. तिथे वाचता आलं तर दोष उजेडाचा. तिथेही नाही आलं, तर तेच पान तुमच्या फोनवर उघडून तुम्ही वाचा. तुम्हालाही डोळे ताणावे लागले तर दोष वेबसाइटचा. तुम्हाला सहज आलं, तर दोन फोन अदलाबदल करा. तुमच्या फोनवर वडिलांना वाचता आलं तर त्यांच्या फोनचं काहीतरी आहे. आणि चांगल्या सावलीत, चांगल्या फोनवर, पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरंही त्यांना धूसर दिसत असतील तर डोळे पुन्हा तपासायलाच हवेत. बहुतेक घरांत एकच कारण सापडत नाही, दोन-तीन मिळून आलेली असतात. तरी कुठलं मोठं ते कळतं.

"नंबर तर बदलला" असं तुम्ही लिहिलंत. नंबर काढताना भिंतीवरच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, म्हणजे पूर्ण कॉन्ट्रास्ट. तो तक्ता व्यवस्थित वाचणाऱ्या माणसालाही फिकट करडं वाचताना अडू शकतं. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धुरकट होत जातं, मोतीबिंदू सुरू असेल तर समोरचा उजेड डोळ्यांत पसरतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना "नीट दिसत नाही" एवढंच सांगू नका. "काळी अक्षरं वाचता येतात, फिकट येत नाहीत, उजेडात जास्त त्रास होतो," असं नेमकं सांगा. फिकट अक्षरं किती ओळखता येतात हे पाहण्याचे वेगळे तक्ते असतात. आणि एकाच डोळ्याने अचानक कमी दिसू लागलं, सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर फोनच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

फोनचं सांगते, मी स्वतः ज्या क्रमाने बघते त्या क्रमाने. सगळ्यात आधी काच. खारं वारं, तेलकट बोटं, आणि वर्ष-दोन वर्षं जुना झालेला स्क्रीन गार्ड. गार्डखाली कडेने दमट हवा शिरून पांढुरका थर आला असेल तर तो काढून टाका. बाजूने दुसऱ्याला दिसू नये म्हणून लावतात तो काळपट गार्ड असेल तर तोही काढा, तो उजेड खातो. माझ्याकडे "फोन अंधुक झाला" म्हणून येणाऱ्या कितीतरी ज्येष्ठ मंडळींचं काम इथेच संपतं.

मग ब्राइटनेस. बॅटरी वाचवणारा मोड चालू असेल तर बंद करा. रात्रीसाठी पडदा पिवळसर करणारी सेटिंग दिवसाही चालू राहिलेली असते, तीही बंद करा, कारण तिने पांढऱ्याचा उजेड कमी होतो. आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस मात्र बंद करू नका. अनेक फोन उन्हात सगळ्यात जास्त उजेड तेव्हाच देतात जेव्हा तो आपोआपवर असतो. हाताने पट्टी टोकाला नेली तरी तेवढा मिळत नाही. वरच्या कडेचा सेन्सर कव्हरने झाकलेला नाही ना, ते पाहा. आणि मे महिन्यात फोन उन्हात ठेवून तापला की तो स्वतःच पडदा मंद करतो. अशा वेळी कुठलीही सेटिंग चालत नाही, फोन सावलीत ठेवून थंड होऊ द्यावा लागतो.

बसायची जागा बदलणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. वडील समुद्राकडे पाठ करून बसत असतील तर सगळं आभाळ त्यांच्या खांद्यावरून थेट काचेवर पडतं. समुद्राकडे तोंड करून बसले तर समोरची चकाकी डोळ्यांत जाते. खुर्ची आडवी करा, समुद्र डाव्या किंवा उजव्या हाताला येईल अशी, आणि मागे भिंत नाहीतर जाड पडदा राहू द्या. चिऱ्याच्या उघड्या भिंतीचा गडद रंग यासाठी फार चांगला, काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं तरी अक्षर धुऊन जात नाही.

एवढं करून मग सेटिंग. अँड्रॉइडवर सेटिंग उघडून अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जा. तिथे अक्षरं ठळक करण्याचा पर्याय असतो, तो आधी लावा. जास्त कॉन्ट्रास्टच्या मजकुराचाही पर्याय असतो. तो अ‍ॅपमधल्या अक्षरांना उपयोगी पडतो, ब्राउझरमधल्या पानावर नेहमी चालेलच असं नाही, म्हणून निराश होऊ नका. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्येच पडदा आणि मजकुराच्या भागात ठळक अक्षरं आणि कॉन्ट्रास्ट वाढवणं दोन्ही मिळतं.

ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंत, दुसऱ्याच्या वेबसाइटवरचे फिकट रंग, त्यावरचा खरा उपाय ब्राउझरमधलं रीडर हे दृश्य. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत कागदासारखं छोटं चित्र येतं, ते दाबलं की वेबसाइटचे रंग, जाहिराती, बाजूच्या पट्ट्या सगळं निघून जातं आणि फक्त मजकूर उरतो, तुम्ही निवडाल त्या रंगात आणि आकारात. आयफोनच्या सफारीतही हे आहे. कॉम्प्युटरवर एज या ब्राउझरमध्ये आणि विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये एफ ९ दाबलं की हेच होतं. वडिलांना एवढी एकच गोष्ट शिकवा, आणि स्वतः न दाबता त्यांच्या बोटाने चार वेळा करवून घ्या. शिक्षक आहेत, वहीत चित्रासकट उतरवून घेतील. ते चित्र लेखाच्या पानावरच येतं, वेबसाइटच्या पहिल्या पानावर किंवा फॉर्मवर बहुधा येत नाही, हेही सांगून ठेवा, नाहीतर बिघडलं म्हणून सोडून देतील.

डार्क मोडबद्दल लोक ठामपणे सांगतात, मी सांगत नाही, कारण हे खरंच डोळ्यांवर अवलंबून आहे. मोतीबिंदू असलेल्या काहींना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सुखाची वाटतात, कारण चकाकी कमी होते. तिरपा नंबर असलेल्या काहींना तीच पांढरी अक्षरं कडेने पसरलेली दिसतात. उन्हात मात्र काळा पडदा आरशासारखा वागतो, अक्षरांआधी स्वतःचं तोंड दिसतं. एकच लेख अर्धा असा आणि अर्धा तसा वाचायला द्या आणि वडील म्हणतील ते ठेवा. पडवीत उजळ आणि रात्री आतल्या खोलीत काळा, असंही चालतं.

आता तुमची वेबसाइट, आणि यावर मी थोडी जास्त आग्रही आहे, कारण इथे उपाय पूर्ण तुमच्या हातात आहे. वडिलांना तुम्ही रीडर शिकवाल, पण पुण्याहून गाडी घेऊन निघालेला, वाटेत चहाच्या टपरीवर उन्हात दर बघणारा माणूस कुठलीही सेटिंग बदलणार नाही. तो फोन करेल किंवा शेजारच्याची वेबसाइट उघडेल.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुमचं पान उघडा, दराच्या आकड्यावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट निवडा. बाजूला रंगाचा छोटा चौकोन दिसेल, त्यावर टिचकी मारली की कॉन्ट्रास्टचा आकडा समोर येतो. रंग ओढून गडद करत जा, आकडा वाढताना दिसतो. वेबसाइट बनवणाऱ्याशी बोलताना "थोडं गडद करा" म्हणू नका, "साधा मजकूर ७ च्या वर हवा" म्हणा. करडाच हवा असेल तर कोड सहा वेळा ३ असा द्या. तो डोळ्यांना मऊ वाटतो आणि पांढऱ्यावर १२.६ देतो.

पण आकडा पास झाला म्हणजे काम झालं असं मराठी मजकुराला लागू होत नाही. हे आकडे रंगाचे आहेत, रेघेच्या जाडीचे नाहीत. बारीक रेघ पडद्यावर काढताना कडेचे ठिपके अर्धवट रंगवले जातात आणि काळं अक्षरही प्रत्यक्षात करडं उमटतं. देवनागरीत शिरोरेघ, काना, वेलांटी, जोडाक्षर सगळं त्याच उंचीत बसवायचं असल्यामुळे ही अडचण जास्त होते. व आणि ब मध्ये फरक एका तिरप्या रेघेचा. ष आणि प मध्येही तसाच. ध आणि घ ची शिरोरेघ फिकट झाली की ओळखायला वाक्याचा संदर्भ घ्यावा लागतो. म्हणून मुक्ता किंवा नोटो सारखा फॉन्ट असेल तर मजकुराला ४०० च्या, म्हणजे नेहमीच्या साध्या जाडीच्या, खालची जाडी वापरू नका. मुक्तात २०० आणि ३०० जाडीही मिळते, दिसायला नाजूक आणि सुंदर आहे, पण ती मोठ्या मथळ्यासाठी. इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी मजकूर दोन-तीन पिक्सेल मोठा ठेवा आणि ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो.

तुम्ही दिलेल्या चित्रात पहिल्या पानावर समुद्राच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत घराचं नाव आहे. वरचा भाग निळ्या पाण्यावर आहे, तो वाचता येतो. शेवटची दोन अक्षरं लाटेच्या फेसावर आली आहेत आणि तिथेच हरवतात. फोटो बदलायची गरज नाही. नावामागे फोटोवरच गडद निळी, थोडी पारदर्शक पट्टी घालायला सांगा. आमचे वडील लालला पांढरी किनार काढायचे ते याच कारणासाठी. फोटो कुठलाही असो, अक्षराला स्वतःची जमीन हवी.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये "येण्याची तारीख" वगैरे शब्द रकान्याच्या आत फिकट लिहिलेत. लिहायला सुरुवात केली की ते नाहीसेही होतात. ते रकान्याच्या वर, काळ्या अक्षरांत घ्या. तसंच कुठल्या खोल्या भरल्यात ते तुम्ही फक्त लाल आणि हिरव्या रंगाने दाखवलंय. लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक, त्यातही पुरुष जास्त, तुम्हाला वाटतात तेवढे विरळ नाहीत. रंग राहू द्या, पण त्यावर "रिकामी" आणि "भरलेली" हे शब्दही लिहा.

वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची पहिली पानं तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ८१ टक्के पानांवर कमी कॉन्ट्रास्टचा मजकूर होता, आणि त्यांना सापडणाऱ्या चुकांत हीच सगळ्यात जास्त सापडते. तेव्हा तुमच्या वेबसाइटवाल्याला दोष देत बसू नका, आकडा द्या आणि दुरुस्त करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एक गोष्ट मात्र आधी करा. सीझनचे दर तुम्ही चित्र म्हणून टाकलेत, असं दिसतंय. चित्रातली अक्षरं ठळक करायच्या सेटिंगने ठळक होत नाहीत, वाढवली तर फुटतात, आणि न बघता ऐकून वेबसाइट वापरणाऱ्याच्या फोनला ती वाचूनही दाखवता येत नाहीत. ते दर मजकूर म्हणून टाइप करून घ्या, काळ्या अक्षरांत, मागे तुमचा केशरी पट्टा ठेवून. मग दुपारी तेच पान वडिलांच्या फोनवर उघडून पडवीत त्यांच्या हातात द्या आणि दर मोठ्याने वाचायला सांगा. ते न अडखळता वाचतील तेव्हा वेबसाइट पाहुण्यांसाठी तयार झाली असं समजा. एखाद्या आकड्यावर अडखळले तर तो आकडा आणि त्याचा रंग मला इथेच कळवा, पुढचं बघू.